नवी प्रजाती, जुने मास्तर

महाराष्ट्रात मोजण्यासारखं काही शिल्लक राहिलं की ते मोजायला मास्तर पाठवतात. माणसं मोजायची मास्तरांनी, मतदार मोजायचे मास्तरांनी, खिचडीचे तांदूळ मोजायचे तेही मास्तरांनीच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम २७ आहे. जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून शिक्षकाला कुठलंही अशैक्षणिक काम देऊ नये, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. आमच्या स्टाफरूममध्ये हे कलम सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण येणाऱ्या कागदावर ‘शैक्षणिक उपक्रम’ हे दोन शब्द असले की कलम सत्तावीस अंग चोरून भिंतीला लागतं आणि आपण बॅग भरतो.

तोंडवलीच्या मोहिमेचा कागद असाच आला. शास्त्रज्ञांची एक तुकडी किनाऱ्यावरच्या आणि खाडीतल्या प्राण्यांची पाहणी करणार होती, त्यांच्यासोबत तालुक्यातल्या काही शिक्षकांनी जायचं होतं. ‘नवीन प्रजाती आढळण्याची शक्यता नाकारता येत नाही’ असं त्यात एक वाक्य होतं. हेडमास्तरांनी ते दोनदा वाचून दाखवलं. गणिताच्या सरांनी टीए-डीएचं विचारलं, मराठीच्या बाईंनी टोपी न्यायची का ते विचारलं. प्रजातीबद्दल कुणीच काही विचारलं नाही. आमच्यात तशी पद्धत नाही. मास्तर विचारतो ते उत्तर आधीच माहीत असलेलं.

तोंडवली मालवणच्या उत्तरेला. गडनदी सह्याद्री उतरून इथवर येते, समुद्र अगदी समोर असतो, पण ती सरळ जाऊन मिळत नाही. कालावलच्या खाडीतून दक्षिणेला वळते आणि तळाशीलच्या टोकाला, सर्जेकोटासमोर, एकदाची समुद्रात शिरते. तिच्या या आढेवेढ्यांमुळे पश्चिमेला समुद्र, पूर्वेला खाडी आणि मधे माडांची, सुरूची, वाळूची चिंचोळी पट्टी राहिलीय. पट्टीच्या या अंगाला रापण ओढतात, त्या अंगाला मुळे, म्हणजे खाडीतले शिंपले, काढतात. प्राण्यांना इतकी सोयीची जागा दुसरी नाही. याच तोंडवली-वायंगणीच्या परिसरात सरकारला एकदा ‘सी वर्ल्ड’ उभारायचं होतं. समुद्रातले जीव टाक्यांत ठेवायचे, काचेतून दाखवायचे, तिकीट लावायचं. जमिनी जाणार म्हणून लोकांनी विरोध केला आणि प्रकल्प कागदावर राहिला. त्यामुळे तोंडवलीचे जीव अजूनही टाकीबाहेरच आहेत आणि बघायला तिकीट नाही. फुकट असल्यामुळे कुणी बघतही नाही. ती जबाबदारी आता आमच्यावर आली होती.

पहिल्या बैठकीतच एक गोष्ट ध्यानात आली. शास्त्रज्ञ मंडळींना ‘माहीत नाही’ असं म्हणायची लाजच वाटत नाही. गणिताच्या सरांनी विचारलं, “जगात एकूण प्रजाती किती?” मुख्य शास्त्रज्ञ म्हणाले, “माहीत नाही.” सर चपापले. अहो, ‘मुख्य’ म्हणून आलेला माणूस! मग त्यांनी सांगितलं, २०११ मध्ये एका अभ्यासात अंदाज काढला होता, साधारण ८७ लाख. त्यातल्या नावानिशी सूचीत होत्या तेव्हा जेमतेम बारा लाख. सरांनी डोळे मिटून भागाकार केला. “चौदा टक्के. म्हणजे अडीचशे वर्षांत तुमचा पोर्शन चौदा टक्के झालाय?” शास्त्रज्ञ हसून हो म्हणाले. आमच्याकडे चौदा टक्क्यांवर पालकांना बोलावतात.

मास्तराच्या आयुष्यात ‘माहीत नाही’ला जागा नाही. पाचवीतल्या पोराने विचारलं, की सर, माशाला तहान लागते का, तर आपण खाकरतो, फळा पुसतो आणि म्हणतो, “हे पुढच्या इयत्तेत आहे.” पुढच्या इयत्तेचा मास्तर म्हणतो, “हे मागच्या इयत्तेत झालंय.” असा तो मासा दहावीपर्यंत तहानलेलाच जातो. आणि इथे ही सगळी शिकलेली माणसं, कुणाची पीएचडी झालेली, कुणाची होत आलेली, दर पाच मिनिटांनी ‘माहीत नाही’ म्हणत होती आणि म्हणताना त्यांचा चेहरा उजळत होता. पगार त्याचाच मिळतो, हे आम्हाला सावकाश कळलं.

अंधार पडल्यावर काम सुरू झालं. थंडीच्या दिवसांत या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात आणि पांढऱ्या उजेडाने बिथरतात, म्हणून टॉर्चला लाल जिलेटीन लावायचं फर्मान निघालं. ते गणपतीच्या सजावटीतलं उरलेलं प्रत्येकाच्या घरी असतंच. किनाऱ्यावर लाल उजेडात फिरणारे शिक्षक बघून सुरूच्या बनात कुत्री गोळा झाली. आणखी एका जागी, किनाऱ्यापासून आत, कासवांना दिसणार नाही असा दोन माडांमधे पांढरा पडदा बांधला आणि त्यावर दिवा सोडला. पतंग, किडे पडद्यावर येऊन बसणार आणि आपण ते टिपणार, अशी योजना. किड्यांच्या आधी माणसं आली. सिंधुदुर्गात थंडीत पडदा आणि दिवा म्हटलं की त्याचा अर्थ एकच, दशावतारी नाटक. “नाटक खंयच्या कंपनीचा?” एका आजोबांनी विचारलं. नाटक नाही, पाहणी आहे, असं सांगितल्यावरही ते पडद्यासमोर पोतं टाकून बसले. तासाभराने कंटाळून म्हणाले, “संकासूर कधी येतलो?” तेवढ्यात हाताच्या पंजाएवढा एक पतंग पडद्यावर येऊन बसला. शास्त्रज्ञ टाचा उंचावून पुढे धावले. आजोबांनी मान डोलावली. एंट्री त्यांना पसंत पडली असावी.

किडे गोळा करायचं एक साधन त्यांच्याकडे होतं. छोटी बाटली, तिला दोन नळ्या. एक नळी किड्यावर धरायची, दुसरी तोंडात धरून ओढायचं, की किडा अलगद बाटलीत. मधे जाळी असते, पण जाळीवर विश्वास ठेवायला विज्ञाननिष्ठा लागते. मराठीच्या बाईंनी नळी हातात घेतली, किड्याकडे बघितलं, जाळीकडे बघितलं आणि ती आदराने गणिताच्या सरांकडे सोपवली. दुसऱ्या बाटल्यांत अल्कोहोल होतं. त्यांचा वास घेऊन एका गृहस्थांनी हळूच विचारलं, “ही गोव्याहून येताना बांद्याच्या नाक्यावर सुटली कशी?” हे पिण्याचं नव्हे, नमुने टिकवण्याचं आहे, असं सांगितल्यावर ते म्हणाले की तेही नमुनेच टिकवायला घेतात, घरात दोघे आहेत.

भरतीच्या रेषेवर समुद्राने टाकलेलं शेवाळ, काटक्या, चपला अशी एक लांब ओळ असते. मी एका शास्त्रज्ञबाईंबरोबर त्या ओळीने चाललो होतो. टॉर्चच्या लाल वर्तुळात एक कुर्ली आली. डोळे दांड्यांवर उभे, एक नांगी मोठी. थांबली, आणि बिळात गेली. मी म्हणालो, “खेकडा, आठ पाय.” बाई म्हणाल्या, “नांग्याही पायच. दहा.” पुढच्या शंखाला हात लावला तर तोच चालायला लागला, आत दुसराच कुणी भाडेकरू होता. बाई म्हणाल्या, “हा माहितीतला.” असं माहितीतलं, माहितीतलं करत आम्ही बरेच पुढे गेलो. मग त्यांनी कुजलेल्या शेवाळाचा एक गुंडा उलटा केला आणि त्याखालून तांदळाच्या दाण्याएवढे करडे जीव टणाटण उडाले. वाळूवर पडले, पुन्हा उडाले. बाई सरळ पोटावर आडव्या झाल्या. मीही झालो, अशा वेळी उभं राहणं बरं दिसत नाही. भिंगातून बघितलं. पाठीवर चंद्रकोरीसारखा बाक, बाजूने चपटं अंग, पुढच्या पायांना इवल्याशा पकडी आणि डोळा काळाभोर. बाईंनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, “हा कोण, माहीत नाही.” आवाज असा, की लॉटरी लागली.

मी विचारलं, “म्हणजे नवीन प्रजाती?”

“म्हणजे मला माहीत नाही. दुसऱ्या कुणाला असेल. सूक्ष्मदर्शकाखाली याचा एकेक पाय सोडवून बघावा लागेल. मग जुने सगळे निबंध, मग म्युझियममधले जुने नमुने.”

“किती दिवस?”

“दिवस?” त्यांनी दयेने माझ्याकडे बघितलं. २०१२ मध्ये फ्रान्समधल्या काही संशोधकांनी हिशेब केला होता, नवा जीव हाती आल्यापासून त्याचं वर्णन छापून येईपर्यंत सरासरी एकवीस वर्षं जातात. तोवर तो बाटलीत पडून असतो. हे मी परत येऊन सांगितलं तेव्हा शास्त्रज्ञांना वाटलं आम्ही हबकू. पण आम्ही शिक्षक. आमची वरिष्ठ श्रेणी बारा वर्षांनी, निवड श्रेणी चोवीस वर्षांनी. एकवीस वर्षं म्हणजे या प्राण्याचा प्रस्ताव तसा लवकरच निघाला.

खरं काम त्यानंतर होतं, आणि ते आमचं होतं. प्रत्येक बाटलीत एक चिठ्ठी टाकायची. गाव, तारीख, अक्षांश-रेखांश, वाळूवर सापडला की शेवाळाखाली, कुणी धरला. हे सगळं शिशाच्या पेन्सिलीने, कारण साधी शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. चिठ्ठी हरवली तर आतला प्राणी कितीही दुर्मीळ असला तरी त्याची किंमत शून्य. शास्त्रज्ञ मंडळींचं अक्षर डॉक्टरांच्या वळणावर गेलेलं. मराठीच्या बाईंनी पेन्सिल हातात घेतली आणि नखाएवढ्या कागदावर असं मोत्यासारखं अक्षर काढलं, की मुख्य शास्त्रज्ञ गहिवरले. हजेरी, दाखले, निकालपत्रकं यांत गेलेलं आयुष्य वाया गेलं, अशी आमची समजूत होती. ते या बाटल्यांसाठीच होतं, हे तोंडवलीला कळलं.

सकाळी रापण लागली होती. दोन्हीकडून दोर ओढत माणसं जाळं वर घेत होती. बांगडे, पेडवे, तारले, लेपे, मधेच एखादा सुळा, सगळं वाळूवर ओतलं गेलं आणि बघता बघता वेगवेगळ्या ढिगांत लागलं, भावासकट. इतकं जलद वर्गीकरण कुठल्याही म्युझियममध्ये होत नसेल. ज्याला भाव नाही ते बाजूला भिरकावलं गेलं आणि नेमके तिथेच आमचे शास्त्रज्ञ गुडघे टेकून बसले. एकाने कसलासा काटेरी, पारदर्शक प्रकार उचलून छातीशी धरला. रापणकर म्हणाले, “ह्यां काय करतलास? ह्यां मांजार पन खायना.” खाडीकडे गेलो तर तिथे मुळे काढणारी काकी कंबरभर पाण्यात उभी. सरांनी चिखलातून एक शिंपला काढून निरखायला तोंडाजवळ नेला, तर ती ओरडली, “मास्तरांनू, तां खाव नकात. पोट दुखतला.” तिचं शास्त्र दोनच कुळांचं: खातात ते, आणि पोट दुखवतात ते. गावातल्या प्रत्येकाला प्रत्येक जीव माहीत होता. फक्त आमच्या वहीत कुणाचंच नाव नव्हतं.

नवी प्रजाती म्हणजे बहुधा हेच असतं. आंबोलीला हिरण्यकेशीच्या देवळाचं कुंड आहे. भाविक पिढ्यान्पिढ्या तिथलं तीर्थ घेत आले. त्याच पाण्यातला बोटभर मासा २०२० साली प्रवीणराज जयसिम्हन, तेजस ठाकरे आणि शंकर बालसुब्रमणियन यांनी ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ म्हणून जगापुढे आणला आणि पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसास्थळ झाली. मासा तोच, पाणी तेच. शंतनू जोशी आणि दत्तप्रसाद सावंत यांनी २०१९ मध्ये सिंधुदुर्गातून एक नवी टाचणी, म्हणजे चतुराची नाजूक चुलतबहीण, आणि २०२० मध्ये कोकण किनाऱ्यावरून ‘ब्रॅडिनोपायगा कोंकणेन्सिस’ हा नवा चतुर नोंदवला. आता कोकणातल्या शाळेत शिकलेल्या कुणालाही विचारा, चतुराच्या शेपटीला दोरा बांधून तो वर्गात उडवणं हा एक मान्यताप्राप्त खेळ होता. विज्ञानाला अज्ञात असे किती चतुर आमच्या भूगोलाच्या तासाला फिरून गेले, त्याची नोंद कुठल्याही नियतकालिकात नाही.

यात शिक्षकांनी पडू नये, असं मात्र नाही. उलट याची सुरुवात मालवणच्याच एका मास्तरांनी करून ठेवलीय. शंकर पुरुषोत्तम आघारकर १८८४ साली मालवणात जन्मले. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवत आणि सवड झाली की सह्याद्री पालथा घालत. साताऱ्याकडच्या नदीत त्यांना गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. त्याच्या जातकुळीतले जीव तोवर आफ्रिकेतलेच माहीत होते. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे नेल्सन अ‍ॅननडेल यांनी त्याचं नाव ठेवलं ‘लिम्नोक्निडा इंडिका’. म्युझियममधल्याच ग्रेव्हली यांच्या जोडीने आघारकरांनी १९१२ साली त्याच्या सवयींवर निबंध लिहिला. मास्तर आणि शास्त्रज्ञ यांची जोडमोहीम म्हणतात ती हीच. पुढे ते कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९४६ मध्ये त्यांनी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी काढली. तिच्या संशोधन संस्थेला आता आघारकरांचंच नाव आहे. गणिताच्या सरांना या सगळ्यात एकच खटकलं. मालवणात पायाला डसायला फुकट येणारे जेलीफिश सोडून माणूस साताऱ्याला गेला कशाला? पण मास्तराची गुणवत्ता स्वतःच्या गावाबाहेरच दिसते, हा नियम तेव्हाही असावा.

१९९० च्या दशकात माधव गाडगीळांनी तर पश्चिम घाटातल्या कॉलेजांच्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना एकत्र गुंफून आसपासच्या जिवांच्या नोंदींचं जाळंच उभं केलं. गावोगावच्या लोकजैवविविधता नोंदवह्यांमागेही त्यांचाच विचार होता. तो विचार सरकारी झाला आणि हरित लवादाने नोंदवह्या पुऱ्या करायला ३१ जानेवारी २०२० ही मुदत दिली. चुकेल त्या राज्याला दरमहा दहा लाखांचा भुर्दंड. बेडकांना मात्र ही तारीख कुणी कळवली नाही. ते आपले जूनमध्ये हजर झाले.

परदेशात हे काम लोक खिशातले पैसे घालून करतात. मेनो स्किल्टहाउझेन या डच शास्त्रज्ञाच्या बोर्निओतल्या मोहिमांना सामान्य माणसं हौसेने जातात. त्यांनी धरलेल्या पाण्यातल्या एका भुंग्याला २०१८ मध्ये लिओनार्डो डिकॅप्रिओचं नाव मिळालं. हे ऐकल्यावर रात्रीच्या जेवणाला नामकरणाचा विषय निघाला. आपल्या प्राण्याला आपलंच नाव देता येतं का? प्राण्यांच्या नामकरणाच्या संहितेत मनाई नाही, पण ते शिष्टसंमत नाही, असं मुख्य शास्त्रज्ञ म्हणाले. मग मी तुमच्या नावाने ठेवतो, तुम्ही माझ्या, असा करार माशाच्या कढीवर झाला. कोल्हापूरच्या न्यू कॉलेजच्या मंडळींनी विशाळगडावर सापडलेल्या कंदिलपुष्पाला २०२३ मध्ये ‘सेरोपेजिया शिवरायियाना’ असं नाव दिलंय, हे कळल्यावर सगळे आदराने थोडे सावरून बसले. एकाने सुचवलं, आपल्या साहेबांचं नाव द्यावं, बदलीला उपयोग होईल. शास्त्रज्ञांनी गंभीरपणे विचारलं, “कोणत्या प्राण्याला?” बाटल्यांत तेव्हा एक गोगलगाय होती. विषय तिथेच थांबला.

मोहीम संपली आणि अहवालाचा तक्ता आला. त्यात एक रकाना: ‘शोधलेल्या नवीन प्रजातींची संख्या’. शास्त्रज्ञबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “माहीत नाही, असंच लिहा.” रकान्यात ते बसेना. शून्य लिहावं तर खर्च कशाला केला, असं विचारतील. एक लिहावं तर पुढच्या वर्षी उद्दिष्ट दोनचं येईल. शेवटी मराठीच्या बाईंनी तीच पेन्सिल उचलली आणि लिहिलं, ‘कार्यवाही सुरू आहे’. वरच्या कार्यालयाला ते पटलं. शास्त्रज्ञबाईंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या की सबंध अहवालातलं शास्त्रीयदृष्ट्या सर्वांत अचूक वाक्य तेच आहे.

शाळेत मात्र त्या माणसांची सवय अंगाला लागून आली. सहावीत एका पोराने विचारलं, कुर्ली आडवीच का चालते, आणि मी बेसावध असताना माझ्या तोंडून निघून गेलं, “माहीत नाही. तू बघून सांग.” वर्ग गप्प झाला. दुसऱ्या दिवशी निम्मी पोरं खाडीवरून गुडघाभर चिखल घेऊन आली, प्रत्येकाच्या डब्यात एकेक कुर्ली आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं. दोघांच्या बोटांना पट्ट्या होत्या, पण वहीत तारीख, जागा आणि भरती-ओहोटी न चुकता लिहिलेली होती. तिसऱ्या दिवशी एक पालक आले. चप्पल दाराबाहेर काढून, माझ्याकडे खालपासून वरपर्यंत काळजीने बघत म्हणाले, “गुरुजीनू, पोरगो सांगता, तुमी ‘माहीत नाय’ म्हणालात. बरे असास मां?”